टेकडी तीच, मग हेक्टर कमी कसे झाले?

मागच्या अंकात शहराच्या कडेला राखून ठेवलेली मोकळी जमीन मोजतं कोण आणि कशी, यावर एक छोटं टिपण टाकलं होतं. म्हटलं दोन-चार पत्रं येतील, तर मेल आणि व्हॉट्सॲप धरून ढीगच आला. त्यातली काही इथे घेतोय, लांबलचक होती ती थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही सात वर्षं झाली इंग्लंडात सेंट अल्बन्सला राहतोय. घरामागे शेत आहे, ग्रीन बेल्टमधलं, म्हणजे शहर पसरू नये म्हणून राखलेल्या पट्ट्यातलं. इथल्या लोकल ग्रुपवर दर वर्षी सरकारी आकडे आले की जुंपते, एक पार्टी म्हणते ग्रीन बेल्ट खाल्ला, दुसरी म्हणते आकडा बघा, तेवढाच तर आहे. गंमत म्हणजे शेतापलीकडे आमच्या डोळ्यांदेखत घरं उभी राहिली आणि विचारलं तर म्हणे ती जागा अजून ग्रीन बेल्टच आहे! मग हे लोक मोजतात तरी काय?
— एक वाचक, सेंट अल्बन्स

ताई, दोन्ही पार्ट्या खरं बोलतायत म्हणून तर भांडण मिटत नाहीये. इंग्लंडच्या ग्रीन बेल्टचा जो आकडा दर वर्षी येतो ना, तो जमिनीचा नसतोच, रेषेचा असतो. ३१ मार्चला कौन्सिलच्या (तिथली नगरपालिका म्हणा) मंजूर लोकल प्लॅनमध्ये, म्हणजे विकास आराखड्यात, ग्रीन बेल्टची हद्द जिथून जाते तिच्या आत किती हेक्टर बसतात, बस्स, एवढंच. कौन्सिल आपली डिजिटल हद्द कळवते, वर्षभरात बदलली असेल तर कुठे ते सांगते, मंत्रालय सगळ्यांचं जोडून तक्ता काढतं आणि आकडे जवळच्या १० हेक्टरला राउंड करतं. एकूण बेरीज १६ लाख हेक्टरच्या आसपास, म्हणजे इंग्लंडच्या जमिनीच्या १२-१३ टक्के. गमबूट घालून तुमच्या मागच्या शेतात कोणी टेप धरत नाही.

आता तुमची ती घरं. ग्रीन बेल्टमध्ये बांधकामाला सहसा परवानगी नाही, पण फारच खास कारण दाखवता आलं तर मिळते, आणि मिळाली तरी हद्दीची रेष हलत नाही. म्हणजे घरं झाली, पडदे लागले, बाहेर गाड्या उभ्या राहिल्या, तरी तक्त्यात ती जागा ग्रीन बेल्टच. आणि याच्या बरोब्बर उलटंही होतं बरं का. कौन्सिलने नवा लोकल प्लॅन मंजूर करताना एखादं शेत हद्दीबाहेर काढलं की त्या वर्षीच्या तक्त्यातून ते लगेच वजा, मग तिथे पुढची पाच वर्षं मेंढ्या चरत असल्या तरी. म्हणून ग्रुपवर पुढच्या वेळी जुंपली की एकच विचारा, जमीन बदलली की रेष बदलली? हे कळल्याशिवाय त्या आकड्यावरून भांडू नका, आणि मी तर म्हणतो पुण्यातल्या वाचकांनीही हाच प्रश्न घोकून ठेवावा, पुढे लागणार आहे.

याचं सगळ्यात भारी उदाहरण न्यू फॉरेस्टचं. २००५ साली तो भाग नॅशनल पार्क झाला, आणि न्यू फॉरेस्ट आणि टेस्ट व्हॅली या दोन कौन्सिलांमधली मिळून ४७,३०० हेक्टर जमीन ग्रीन बेल्टच्या तक्त्यातून बाहेर गेली. एक झाड तुटलं नाही, उलट संरक्षण वाढलं, तिथली घोडी जिथे चरत होती तिथेच चरत राहिली, पण नुसता आलेख बघणाऱ्याला वाटणार बापरे, अर्धा लाख हेक्टर गिळले कोणीतरी. आणि एक, जुन्या कागदी नकाशावरची जाड रेष कॉम्प्युटरवर पुन्हा नीट गिरवली की चार-दोन हेक्टर इकडचे तिकडे होतात, ती नुसती दुरुस्ती असते. अशा नोंदी तक्त्याखाली बारीक अक्षरात असतात आणि ते कोणी वाचत नाही, मीही आधी वाचत नसे, एकदा मीटिंगमध्ये तोंडावर आपटलो तेव्हापासून आधी तळटीप वाचतो आणि मग आकडा.

जमिनीवर खरंच काय आहे ते बघायचं तर जमीन वापराचे तक्ते वेगळे निघतात, ते बघा. त्यात दिसतं की ग्रीन बेल्टची नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन बांधकामाशिवाय आहे आणि दोन-तृतीयांशच्या आसपास शेती आहे. शेती म्हणजे शेती हं, बाग नाही. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ग्रीन बेल्ट म्हणजे फिरायला पार्क वाटतं, तसं काही नाही, खासगी मालकीची जमीन असते, कुंपण असतं, पायवाट असेल तर तेवढ्यावरूनच जायचं.

प्रश्न : वरच्याच मंडळींचा शेवटचा प्रश्न वेगळा काढलाय : हल्ली सगळे 'ग्रे बेल्ट, ग्रे बेल्ट' करतायत, ते काय नवीन?

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. १९३८ च्या कायद्याने लंडनच्या आसपासच्या कौन्सिलांना अशी जमीन विकत घेऊन किंवा मालकाशी करार करून राखता यायची, पण विकत घेऊन घेऊन घेणार किती. १९४४ मध्ये नगररचनाकार ॲबरक्रॉम्बीच्या आराखड्यात लंडनभोवती सलग पट्टा आखला गेला, १९४७ च्या कायद्याने बांधकामाला परवानगीची अट आली, त्यामुळे जमीन विकत न घेताच थांबवता यायला लागली, आणि १९५५ मध्ये मंत्री डंकन सँडीज यांच्या परिपत्रकाने बाकीच्या शहरांनाही सांगितलं की तुम्हीही आखा. आज एकट्या लंडनचा पट्टा पाच लाख हेक्टरच्या घरात आहे, खुद्द लंडन शहराच्या तिप्पट!

पण पट्टा कशासाठी? शहर पसरू नये, शेजारची दोन गावं एकमेकांत मिसळू नयेत, जुन्या ऐतिहासिक शहराचा भोवताल टिकावा, अशी ही उद्दिष्टं, नंतर त्यांची पाच झाली. त्यात 'निसर्ग सुंदर असावा' हे कुठेच नाही! त्यामुळे जुना पेट्रोलपंप, मोडके गोठे, काँक्रीटचं अंगण हेसुद्धा ग्रीन बेल्टमध्ये सुखाने नांदतं. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने नियमावलीत 'ग्रे बेल्ट' आणला तो यातूनच. आधीच बांधकाम झालेली, किंवा यातली ठरावीक उद्दिष्टं फारशी जोरात पाळत नसलेली ग्रीन बेल्टमधली जमीन ती ग्रे, आणि तिथे घरांना वाट थोडी मोकळी. आता 'जोरात' म्हणजे किती जोरात हे हेक्टरमध्ये मोजता येत नाही, तिथे माणसाचं मत येतं, आणि मत आलं की वकील आला. तुमच्या मागच्या शेताचा निकाल आकड्यावर नाही, या शब्दावर लागेल असं मला वाटतं, तेव्हा कौन्सिलचा तुमच्या भागाचा ग्रीन बेल्ट रिव्ह्यू निघाला असेल तर तो मिळवून वाचाच.

प्रश्न : सर, मी रोज पहाटे टेकडीवर जातो, पंचवीस वर्षं झाली. बीडीपी ९७६ हेक्टर, ९७६ हेक्टर असं ऐकतोय, पण कडेने पत्र्याच्या शेड, मग विटांच्या भिंती, मग स्लॅब असं वर सरकताना दिसतं. एका ऑफिसात गेलो तर तिसऱ्या टेबलावर पाठवलं, तिसऱ्याने परत पहिल्या. मी आता ठरवलंय की उपग्रहाच्या फोटोवरून मीच मोजणार. जमेल का?
— एक टेकडीप्रेमी, कोथरूड

काका, जमेल, पण आधी चहा घ्या, कारण यात तीन-चार खड्डे आहेत आणि सगळे पहिल्याच आठवड्यात पडायचे.

नवीन वाचकांसाठी, १९९७ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत आलेल्या गावांपैकी २३ गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण टाकलं, सुमारे ९७६ हेक्टर, आणि राज्य सरकारची मंजुरी २०१५ ला आली, मालकांना मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. मोठा भाग खासगी मालकीचा आहे, म्हणून तर एवढी ओढाताण. आणि टेकडीचा प्रत्येक उतार बीडीपीत नसतो, काही भाग वेगळ्या हिलटॉप-हिलस्लोप झोनमध्ये असतो, काही वन खात्याचा. तेव्हा तुम्ही जी भिंत बघताय ती नक्की कशाच्या आत आहे हे पहिलं.

म्हणजे परत रेषच. ती रेष सर्व्हे नंबर किंवा गट नंबरांवरून चालते, आणि जुना गाव नकाशा साखळीने मोजून काढलेला, त्याला अक्षांश-रेखांश नाहीत. तो स्कॅन करून गूगलच्या फोटोवर बसवायला गेलात की एका टोकाला ओढा जुळतो तर दुसऱ्या टोकाला देऊळ पन्नास फूट लांब जातं. मी नकाशाच्या कामात वीस वर्षं घालवली आणि अजूनही हे बसवणं म्हणजे सुरकुतलेली चादर दिवाणावर घालणं वाटतं, एक कोपरा ओढा, दुसरा निसटतो. म्हणून आपण घरी बसवलेल्या रेषेवरून 'अमक्याची भिंत चार मीटर आत आहे' असं कधीच म्हणू नका, कोर्टात तर सोडाच, ग्रुपवरही नको, ते काम मोजणीवाल्यांचं, हल्ली ते रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र, लावून करतात. आपण एवढंच म्हणायचं की इथे मागच्या मार्चमध्ये काही नव्हतं, या मार्चमध्ये आहे. आणि आराखड्यातला भाग नकाशा, सर्व्हे नंबरांच्या यादीसकट, लेखी अर्ज करून घ्या, नाही दिला तर माहिती अधिकारात घ्या.

दुसरं, फोटो कुठला घेणार. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा फोटो फुकट मिळतो, तो उपग्रह, साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवर येतो, आणि त्याचा एक ठिपका जमिनीवर १० बाय १० मीटर. म्हणजे किती? १०० चौरस मीटर, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचा बरोबर एक आर! आणि गुंठा १०१ चौरस मीटरचा, म्हणजे एक ठिपका जवळपास एक गुंठा. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा फारच मजा वाटली होती. पण मजा तेवढीच, कारण गुंठ्याचा प्लॉट पाडणारा उपग्रहाच्या चौकटी बघून पाडत नाही, त्याची शेड चार ठिपक्यांत थोडी थोडी विभागली जाते आणि चारही ठिपके नुसते जरा मळकट दिसतात. दहा-पंधरा गुंठे एकत्र साफ केले तर सेंटिनेल पकडतो, एकट्या गुंठेवारीच्या शेडला पकडत नाही. तिथे गूगल अर्थमधले जुने फोटो मागे-पुढे करून बघणंच बरं, ते कधीचे मिळतील याचा भरवसा नसला तरी.

तिसरा खड्डा सगळ्यात मोठा, महिना. आपली टेकडी जुलै ते ऑक्टोबर हिरवीगार, मार्चमध्ये पिवळी, एप्रिलात कुठे वणवा लागला की काळी. सप्टेंबरचा फोटो घेऊन मेच्या फोटोशी ताडला तर अख्खी टेकडी नष्ट झाली असं दिसणार, असे 'धक्कादायक' फोटो फिरतानाही मी बघितलेत. तोच महिना, शक्यतो तोच आठवडा, वर्षागणिक. मार्च बरा, गवत वाळलेलं असतं त्यामुळे नवा पत्रा आणि नवी माती उठून दिसते. पावसाळ्यात ढगच ढग, तो काळ सोडून द्या.

पत्रात खाली तुम्ही उताराचंही विचारलं होतं, किती चढावर बांधता येतं ते, तो भाग मी वर कापलाय. नियमात १:५ पेक्षा जास्त चढ असेल तर बांधकाम नाही, म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर वर, कोनात म्हणाल तर ११ अंशांच्या थोडं पुढे. ऐकायला सोपं, पण चढ कुठून कुठपर्यंत धरायचा त्यावर उत्तर बदलतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ५० हजारी नकाशावर डोंगराळ भागात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या अंतराने असतात, दोन रेषांच्या मधे काय चाललंय ते नकाशाला माहीतच नसतं. फुकट मिळणारी उंचीची माहिती ३० मीटरच्या चौकटीची, ती प्रत्येक चौकटीत सरासरी काढते आणि उतार खऱ्यापेक्षा सौम्य दाखवते. आणि कोणी आधी जेसीबीने कापून पायरी पाडली, मग मोजणी मागवली, तर पायरीवरचा चढ शून्य! म्हणून उतारासाठी जुना नकाशा जास्त कामाचा, कापण्याच्या आधीचा, तो जपून ठेवा.

प्रश्न : माझी मुळशीकडे साडेतीन एकर आहे, ग्रीन झोनमध्ये. पुतण्या परदेशात असतो, तो म्हणतो ग्रीन बेल्ट म्हणजे काका आता कायमचं अडकलं. खरं आहे का?
— एक शेतकरी वाचक

पुतण्याने तिकडचं इकडे लावलं. आपल्याकडे लोक ग्रीन झोन म्हणतात तो बहुतेक वेळा शेती विभाग असतो. तिथेही बांधकामावर मर्यादा आहेत, पण तो राखण्यासाठी आखलेला पट्टा नाही, शहर अजून पोचलं नाही म्हणून शेती, एवढाच त्याचा बऱ्याचदा अर्थ. प्रादेशिक योजनेत असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम २० खाली आणि विकास आराखड्यात असेल तर कलम ३७ खाली झोन बदल होतो, आणि तो कसा होतो, कोणाचा पटकन होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. इंग्लंडात हद्द बदलायला लोकल प्लॅन नव्याने करून अपवादात्मक कारण दाखवावं लागतं. तुम्ही आधी ताजा झोन दाखला काढा, एजंटच्या मोबाइलवरचा रंगीत नकाशा नको, त्यात पिवळं कुठे संपतं आणि हिरवं कुठे सुरू होतं हे एजंटच्या मूडवर असतं.

प्रश्न : आमची शाळा दर पावसाळ्यात जवळच्या माळावर झाडं लावते. उपग्रहाचा हिरवेपणाचा आलेख काढला तर छान वर चाललाय. पण एका पक्षीवाल्या पालकांनी सांगितलं की तुम्ही माळ बिघडवताय. मुलं गोंधळलीत, मीही!
— एक शिक्षिका, सासवड परिसर

बाई, पालकांचं मला पटतं, सरळ सांगतो. हिरवेपणाचा तो आलेख पानं मोजतो, कुठली पानं हे त्याला कळत नाही. गिरिपुष्प लावलं तरी वर, निलगिरी लावली तरी वर. आणि देशाची वनांची गणना बघितलीत तर तिथेही तेच, भारतीय वन सर्वेक्षण १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी अहवाल काढतं, त्यात एक हेक्टर किंवा जास्त जागेवर झाडांच्या छत्राची दाटी १० टक्के किंवा वर असली की ते वनाच्छादन, मालक कोणी का असेना, झाड कुठलं का असेना. आंब्याची बाग बसते त्यात! आणि तुमचा माळ, ज्यावर चंडोल, टिटव्या, धाविक, नशीब असेल तर एखादा लांडगा, तो बसत नाही, कारण गवत म्हणजे छत्र नाही. म्हणजे जित्याजागत्या माळावर खड्डे पाडून झाडं लावली की कागदावर प्रगती झाली. मी स्वतः दहा वर्षांपूर्वी असल्या वृक्षारोपणात हौसेने खड्डे खणलेत, आता त्या जागेवरून जाताना जरा खाली बघूनच जातो.

मुलांना दुसरं काम द्या की. माळावर एक ठळक दगड निवडा, त्याला चुना लावा, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्याच दगडावर उभं राहून चारी दिशांना चार फोटो, मोबाइल त्याच उंचीवर, तारीख फाइलच्या नावात. सोबत एक मीटरची चौकट टाकायची आणि आत किती प्रकारचं गवत दिसतं ते मोजायचं, नावं नाही आली तर 'लाल दांड्याचं', 'कुसळाचं' अशी मुलांचीच नावं चालतील. वर्षभरात ४८ फोटो होतील, आणि तो उपग्रहाचा आलेख त्यांच्या शेजारी ठेवला की मुलांनाच दिसेल तो कुठे फसतोय.

प्रश्न : राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीपासून एक किलोमीटर म्हणजे बफर ना? आमची सोसायटी ७०० मीटरवर आहे.
— एक वाचक, ठाणे

कंपास घेऊन गोल काढू नका. संजय गांधी उद्यानाभोवतीचं इको-सेन्सिटिव्ह क्षेत्र, म्हणजे तुम्ही म्हणताय तो बफर, डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेत आखलंय, सुमारे ५९ चौरस किलोमीटर, आणि त्याची रुंदी कुठे १०० मीटर तर कुठे ४ किलोमीटर आहे. अधिसूचनेला जोडलेला नकाशा आणि हद्दीचं वर्णन बघा.

प्रश्न : मागच्या अंकात आपण 'एक गुंठा म्हणजे एक आर' असं ठोकून दिलंत. आयुष्य मोजणीत गेलं, म्हणून राहवलं नाही. तसंच टेकडीची जागा नकाशावर कमी भरते हेही सांगायला हवं होतं.
— एक निवृत्त भूकरमापक, सातारा

साहेब, दुसरं आधी घेतो. नकाशावरचं क्षेत्र आडवं, सपाट धरलेलं असतं, सातबाऱ्यावरचंही. १:५ च्या उतारावर चालताना पायाखालची जमीन नकाशापेक्षा जेमतेम दोन टक्के जास्त भरते, पण ४५ अंशांच्या कड्यावर तीच ४१ टक्के. म्हणून तर तुम्ही लोक डोंगरात साखळी उताराला टेकवून न धरता आडवी ताणून, टप्प्याटप्प्याने ओळंबा सोडत खाली यायचात, खरं ना? हे आमच्या कॉम्प्युटरवाल्या पोरांना सांगितलं तर त्यांना वाटतं मी पुराणातलं सांगतोय.

आणि पहिली चूक कबूल. ३३ फुटी साखळी, तिचे १६ आणे, ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो गुंठा, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आर मात्र शंभरच. गुंठ्यामागे फरक सव्वा चौरस मीटरपेक्षाही कमी, सोडून द्या असं मी म्हणणार होतो, मग ४० ने गुणलं. एकरामागे ४६.८ चौरस मीटर, म्हणजे ५०० फुटांचा अख्खा वन बीएचके मी हवेत सोडला होता, आणि तोही पुण्याच्या रेटचा.